साडेनऊ बोटं

लावा पैज. मी आज जे सांगणार आहे, ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. आजवर मी इतक्या थापा मारल्या आणि ऐकणाऱ्यांनी त्या इतक्या आवडीनं गिळल्या, की खरं सांगायची वेळ आली की माझीच जीभ अडखळते. पण आज सांगणारच.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. नाकं मुरडू नका. पान खाऊन लोक जिच्यात थुंकतात, तीच मी. कोऱ्हाळ्याच्या या ओसरीवर तुम्ही पोरं मला रोज पालथी घालता आणि माझ्या बुडावर ताशा वाजवता, तेव्हा मी कधी नाक मुरडलं का? आज दिवाळीची झाडलोट चालू आहे. घरची कौसल्या गोधड्या धुवायला कालव्यावर गेली आहे. तिचा थोरला दीर रावजी तिकडं बाजेवर तोंडावर उपरणं ओढून झोपला आहे. झोपला आहे असं आपण धरून चालू. त्याचं नाव गोष्टीत येणार आहे, म्हणून जरा जवळ सरका.

माझा जन्म इंदापूरचा. मला घडवणाऱ्या तांबटानं पहिला ठोका घातला, तेव्हा गावातली झाडून सगळी कबुतरं उडाली आणि भिगवणला जाऊन बसली. ती अजून परत आलेली नाहीत. मी घडून तयार झाले तेव्हा तर लोक माझ्यात तोंड बघून फेटे बांधायचे. एका देशमुखांनी मला बैठकीसाठी विकत घेतलं. तिथं मी वीस वर्षं लोडाशेजारी बसले. येणारा प्रत्येक जण विडा खायचा, गालात रस साठवायचा आणि एक थाप मारून माझ्यात पिंक टाकायचा. कुणी भीमेच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून पलीकडच्या गावी जेवायला गेलेला असे, तर कुणी वाघाच्या मिशीला गाठ मारून आलेला. सकाळी गडी मला चिंच लावून घासायचा. थुंकी निघून जायची, थापा मात्र आतच राहायच्या. माझ्या स्वभावाचं मूळ तिथं आहे.

त्या बैठकीतल्या गड्याचं नाव आबाजी. त्याच्या लेकीचं, म्हणजे या कौसल्येचं, लग्न ठरलं तेव्हा देशमुखीणबाईंनी रुखवतात मला देऊन टाकलं. बैलगाडीतून मी कोऱ्हाळ्याला आले ती मोठ्या तोऱ्यात. आणि इथं आल्यावर काय कळावं? नवरदेव पानच खात नव्हता! दहा वर्षं, मित्रांनो, दहा वर्षं मी फळीवर भोपळ्याच्या बिया पोटात घेऊन बसले.

त्या नवरदेवाचं नाव जोतीराम. रावजीचा पाठचा भाऊ, आणि धंद्यानं गुळव्या. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळतो, दाट होतो आणि एका घटकेला गूळ होतो. ती घटका ओळखायची म्हणजे गुळव्याचं काम. जोतीराम हात गार पाण्यात बुडवायचा, उकळत्या काकवीत बोटं घालून चटकन काढायचा, पाण्यात गोळी वळून बघायचा आणि ओरडायचा, "उतरवा!" त्या शब्दासरशी गडी काहील उचलायचे. क्षणभर आधी उचलली तर गूळ पातळ, उशीर झाला तर काळा. पण त्याच्या हातचा गूळ कधी बिघडला नाही. त्याचे हात तव्यासारखे टणक होते. हे मी वाढवून सांगत नाही.

आता पाच वर्षांमागची गोष्ट. पाऊस सरत आला होता. एके सकाळी कौसल्येनं मला फळीवरून उतरवलं, घासूनपुसून जोतीरामच्या अंथरुणाशेजारी ठेवलं. मला कोण आनंद झाला! अखेर या घरात कुणीतरी पान खायला लागलं म्हणायचं! जोतीरामनं वाकून चूळ टाकली. लालभडक. मी सवयीनं वास घेतला. कात नाही. चुना नाही. सुपारीचा मागमूस नाही.

मित्रांनो, आयुष्यभर लाल रंगच पोटात घेतलेली मी, त्या लाल रंगानं हादरले. ते त्याच्या हिरड्यांतलं रक्त होतं.

घरच्यांना वाटलं, उष्णता झाली. मग ताप आला, तो उतरेना. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथं मोठ्या दवाखान्यात त्याच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं आणि नळीतून पाहिलं. रावजी सोबत गेला होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"डॉक्टर म्हनं, रगतात पांढऱ्या पेशी मापाभाईर वाढल्यात," तो ओसरीवर बसून सांगू लागला. "म्हनं ह्येच्यावर औषध न्हाय. घरी न्या आन जपा." आणि मग कुणाकडंच न बघता म्हणाला, "लाल रगतात पांढरं कुठनं आलं रं? त्यानं तर कुनाचं वाईट केलं न्हाय."

तेव्हापासून दर बाजारादिवशी नीरेकडं जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं बारामतीच्या दवाखान्यातली नर्स यायला लागली. बानूबाई तिचं नाव. पांढरं लुगडं, काळी छत्री आणि डोळे असे, की त्यांच्यापुढं माझीसुद्धा थाप चालली नसती. पहिल्याच दिवशी तिनं कौसल्येला समोर बसवून सगळं शिकवलं. बाभळीची काडी बंद. दात घासायचे ते बोटाला कापूस गुंडाळून, कोमट मिठाच्या पाण्यानं. भाकरी दुधात मऊ करून द्यायची, मिरची नको. न्हाव्याचा वस्तरा घराच्या उंबऱ्याआत येऊ द्यायचा नाही. भेटायला येणारा बाहेरूनच राम राम करील. अंथरुणाला चुणी पडू द्यायची नाही. त्याला शिवायच्या आधी साबणानं हात धुवायचे, नखं कापायची.

"आणि ही पिकदाणी," बानूबाई माझ्याकडं बोट करून म्हणाली, "रोज सकाळी बघत जा. पाणी फिकं गुलाबी आहे का लाल, ते मला सांगायचं. मग उकळत्या पाण्यानं धुवायची."

त्या दिवसापासून मी त्या घरची अर्धी डॉक्टर झाले. देशमुखांच्या बैठकीत असला मान कुणाला मिळाला होता? फक्त त्या मानाची चव चांगली नव्हती.

आता या घरची एक रीत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. कौसल्या थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावरून पदर ओढायची आणि जे सांगायचं ते जवळच्या वस्तूला सांगायची. दुखणं घरात आल्यापासून ती वस्तू मीच. "पिकदाणीबाई, भावजींस्नी सांगा, दूध संपलंय." मग रावजी माझ्याकडं बघून म्हणायचा, "पिकदाणे, तिला म्हनावं, आनतो." रावजीची बायको कधीच वारली होती, त्यामुळं मधे बोलायला दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगा, मित्रांनो, तुमच्या घरात कधी कुणी भांड्याशी इतकं अदबीनं बोललं आहे का?

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. उन्हं कलली होती. ताप उतरावा म्हणून जोतीरामचं अंग ओल्या फडक्यानं पुसायचं होतं. रावजीनं त्याची बंडी काढली आणि तो जागच्या जागी थिजला. दंडांवर निळी-जांभळी बोटं उठली होती. स्पष्ट, एकेक मोजावं अशी. पाठीवर बांगडीचा अर्धा गोल.

"धाकटे," रावजी म्हणाला, "ह्ये काय हाय?"

कौसल्येनं पदर ओढला. "पिकदाणीबाई, सांगा भावजींस्नी. चूळ भरायला उठवून बसवती, तवा धरावं लागतंय. तेवढ्यानं उठलंय. नर्सबाई म्हनल्या हुत्या, ह्या दुखन्यात असं हुतंय."

"धरलं तेवढ्यानं? आरं, माझा भाऊ हाय का जांभूळ हाय त्यो, बोट लावलं की निळं पडायला?"

"न्हाय दादा," अंथरुणातून जोतीराम पुटपुटला. "तिनं काय... न्हाय..."

"तू भ्यालायस. गप पड." रावजीचा आवाज चिरकला. "रातध्याड दुखनं काढून वैतागली आसंल. वैतागली तर सांगायचं हुतं! मारायचं? जो मानूस कूस बदलू शकत न्हाय, त्याला?"

मी सगळं पाहिलेलं होतं. ती त्याला किती हळू उठवायची, स्वतःचे ओठ चावत कशी धरायची, ते माझ्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. आणि आयुष्यभर थापांनी फुगलेलं माझं तोंड त्या दिवशी, खरं बोलायच्या वेळी, उघडेना. पितळेची धाव तेवढीच.

"सकाळच्याला गाडी जुपतो," रावजीनं निकाल दिला. "इंदापूरला आबाजीच्या दारात सोडून येतो. माझ्या भावाचं माझं मी बघीन."

कौसल्या रडली नाही. ती जोतीरामच्या तोंडाकडं बघत राहिली. आता कापसानं याच्या हिरड्या कोण पुसणार, एवढंच तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मग ती आत गेली आणि बोचकं बांधायला लागली.

रावजी भावाजवळ बसला. त्यानं जोतीरामचे दोन्ही हात कोपरापाशी धरले आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. "जोत्या, माझ्या गळ्याची आन हाय. खरं सांग, मारती का तुला?" जोतीराम मान हलवून नाही नाही म्हणत होता आणि ग्लानीत जात होता. रावजीनं बराच वेळ ते हात सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दारात बैल जुंपलेले, गाडीत कौसल्येचं बोचकं, आणि तेवढ्यात छत्री टेकत बानूबाई हजर.

"गाडी कुठं निघाली?"

"हिच्या माहेराला," रावजी म्हणाला. "या, बाई, तुमीच बगा हिचं कर्तब."

त्यानं भावाच्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं आणि ओरडलाच, "बगा! बगा! आज आनखी! हातावर बी!"

मीही हबकले. कोपरांच्या खाली दोन्ही हातांवर काळीनिळी बोटं उठली होती, कालच्यापेक्षा मोठी, गर्द. कौसल्या दारात उभी होती, तिनं खांबाचा आधार घेतला. तिला स्वतःलाच क्षणभर शंका आली असावी, की हे माझ्या हातून तर झालं नाही?

बानूबाई वाकून मोजायला लागली. "हा अंगठा. ही चार बोटं." मग दुसरा हात. "हा अंगठा. एक, दोन... आणि इथं अर्धंच."

तिनं कौसल्येला जवळ बोलावून तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. दहाच्या दहा बोटं धड होती, आणि बारीक. मग तिनं मान वर केली.

"घरात अर्ध्या बोटाचं कोण आहे?"

मित्रांनो, गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली. रावजी तरुण होता तेव्हा चरकात ऊस घालताना त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट पेरापासून चिरडलं होतं. बानूबाईनं त्याचा तो हात धरला आणि जोतीरामच्या हातावर, न टेकवता, वरच्यावर धरून दाखवला. कुलपात किल्ली बसावी तसा बसला.

रावजी आपल्या हाताकडं बघत राहिला. कुणी दुसऱ्याचा हात आणून त्याच्या मनगटाला लावला असावा, तसा.

"म्या... म्या तर नुसतं धरलं हुतं," तो म्हणाला.

"तिनंही नुसतंच धरलं होतं," बानूबाई म्हणाली.

रावजी उठला. स्वतः जाऊन बैल सोडले, बोचकं आणून आत ठेवलं. माफी मागायची तर समोर बघावं लागलं असतं, म्हणून त्यानं बोचक्यालाच हात जोडले आणि गोठ्यात जाऊन बसला.

जाण्याआधी बानूबाईनं युक्ती शिकवली: बोटांनी पकडायचं नाही, उघडा तळवा खाली सारायचा आणि वजन सगळ्या तळव्यावर घ्यायचं. बांगड्या काढायला सांगितल्या. त्याला मात्र कौसल्या तयार होईना. नवरा अंथरुणात असताना हात मोकळे करायचे? तिनं जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून बांगड्यांवर गच्च गुंडाळल्या. तिच्या हातांचा आवाज त्या दिवसापासून बंद झाला.

पुढं आठ दिवस रावजी दोन्ही हात काखेत घालून दारात बसून राहायचा. आत पाऊल टाकीना.

नवव्या दिवशी कौसल्या मला म्हणाली, "पिकदाणीबाई, भावजींस्नी सांगा, एकटीच्यानं कूस बदलवंना. दोन मानसं लागत्यात."

"पिकदाणे, तिला सांग, माझं हात इखारी हायत. म्या न्हाय लावायचा."

"म्हनावं, चुलीपाशी या."

आणि, मित्रांनो, कोऱ्हाळ्यानं कधी पाहिलं नव्हतं ते मी पाहिलं. पंचेचाळीस वर्षांचा रावजी, गुडघे दुमडून परातीसमोर बसलेला, ज्वारीची भाकरी थापतोय! कारण थापलेली भाकरी परातीतून तव्यावर न्यायची तर बोटांनी धरून चालत नाही. बोट रुतलं की भाकरी फाटते. ती तळव्यावरच घ्यावी लागते. कौसल्या शेजारी पदर ओढून बसायची आणि तव्याला सांगायची, "तव्या, भावजींस्नी म्हनावं, बोटं ताठ. अंगठा दूर. घाई न्हाय."

पहिल्या दिवशी अकरा भाकरी फाटल्या. आळीतली कुत्री त्या आठवड्यात इतकी माजली, की त्यांनी भुंकायचं सोडून दिलं. शेजारचा सोपान कुडावरून डोकावला. "काय रावजी, लगीन ठरलं व्हय तुझं? सासू कडक मिळाली जनू!"

रावजीनं मान वर केली नाही. "व्हय. लई कडक हाय," तो म्हणाला आणि बारावा गोळा घेतला.

पाचव्या दिवशी एक भाकरी परातीतून उठली, त्याच्या दोन्ही तळव्यांवर चंद्रासारखी गोल राहिली आणि चरा न जाता तव्यावर उतरली. कौसल्येनं ती टम्म फुगेपर्यंत वाट पाहिली. मग लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती थोरल्या दिराकडं बघून, सरळ त्याच्याशी बोलली.

"आता चला."

मग दोघं मिळून करायला लागली. एका बाजूनं तिचे पट्ट्या गुंडाळलेले हात, दुसऱ्या बाजूनं रावजीचे साडेनऊ बोटांचे तळवे. जोतीरामला कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची, नाकातून रक्त आलं की पुढं वाकवून बसवायचं, चुळीला मला तोंडाखाली धरायचं. नवे डाग कमी झाले. माझ्यातलं पाणी मात्र रोज थोडं गडद व्हायचं. बानूबाई मला उजेडात नेऊन बघायची, खाली ठेवायची, आणि कौसल्या तिच्या तोंडाकडं बघत राहायची. मी कितीदा ठरवलं, की आज पाणी गुलाबी दाखवायचं. पण ती थाप मला जमली नाही.

त्यानंतर मी पुन्हा अडगळीत गेले. एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली, मग तुम्ही मला शोधून काढलंत आणि माझा ताशा केलात. वाजवा खुशाल. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अंथरुणाला लागलं, तर त्याच्याजवळ जाण्याआधी हात धुवा आणि तळवा उघडून बघा. जो त्या माणसाचं रात्रंदिवस करतोय, त्याच्यावर बोट उगारण्याआधी तेच बोट नीट बघा. आणि उशाशी जे भांडं असेल, ते उकळत्या पाण्यानं धुवायला विसरू नका.

काय म्हणता? जोतीराम बरा झाला का? झाला की! ऐका तर. मार्गशीर्ष लागला, गुऱ्हाळ सुरू झालं. काकवीचा वास वाऱ्यानं थेट त्याच्या उशाशी आला. दुसराच गुळव्या आणला होता, त्याला गोळीचा अंदाज येईना. तसा जोतीराम अंथरुणातून ताडकन उठला, धोतर सावरलं, ताड ताड चालत मळ्यात गेला. पाण्यात हात बुडवला, काहिलीत घातला, गोळी वळली आणि असा ओरडला, "उतरवा!" की भिगवणची कबुतरं उडून परत इंदापुरात आली. मग हातावर गुळाचा खडा घेऊन, आला तसाच चालत घरी—

"खोटं हाय."

बाजेवरचं उपरणं सरकलं होतं. रावजी उठून बसला होता.

"खोटं बोलतीस तू. चालत न्हाय गेला त्यो. म्या नेला, ह्या दोन तळव्यांवर. 'उतरवा' म्हनला त्यो, पर हळू म्हनला, माझ्या कानात. वरडलो म्या." त्यानं दोन्ही हात मांडीवर उघडून ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिला. "येताना बी म्याच आनला. दुसऱ्या दिशी त्याला शेवटची आंगूळ घातली, तवा समदं अंग बगितलं. माझं एक बी बोट उठलं नव्हतं."